समुद्रकाठी स्वस्तात राहिलेल्यांनो, लिहा इथे!

डिसेंबर जवळ आला की प्रत्येक ग्रुपवर "गोव्यात स्वस्त कुठे राहायचं" हा प्रश्न येतोच, आणि मग जो तो बुकिंगची लिंक टाकून मोकळा होतो. इथे लिंका नकोत, अनुभव लिहा. डॉर्म (एका खोलीत अनेकांचे बेड), हॉस्टेल, घरगुती सोय, तंबू, काहीही चालेल, फक्त जागा समुद्राजवळची हवी आणि पैसे खिशाला झेपणारे हवेत. वाईट अनुभव असेल तर जागेचं नाव नको, गावाचं टाका. उगाच भांडणं नकोत.

मीच सुरुवात करते. वागातोर, मी आणि माझी भाची, लेडीज डॉर्म. बुधवारी बेड 650 ला होता, शनिवारी त्याच बेडचे 1300, त्यामुळे जमत असेल तर रविवारी संध्याकाळी पोचा आणि शुक्रवारी निघा. मला वरचा बंक मिळाला. त्या लोखंडी शिडीचे दांडे इतके बारीक की अनवाणी चढताना तळव्यात रुततात, रात्री दोनला बाथरूमला जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करायची. पण प्रत्येक बंकला जाड पडदा, आत आपला आपला दिवा, चार्जिंग पॉइंट, फोन-चष्मा ठेवायला फळी, पडदा ओढला की खोलीत आणखी सात जणी आहेत हे विसरायला होतं. कठड्यांवर सगळ्यांचे ओले टॉवेल, पायाखाली वाळू आणि एसी रात्री आठ ते सकाळी दहा एवढाच. बहिणीला फोटो पाठवला तर म्हणे, "अगं हा तर थ्री टिअरचा डबा!" असू दे, मला आवडलं.

* * *

म्हापशाहून लिहितोय. तुम्हा लोकांना बेड तरी मिळतो, आम्हाला तोही मिळत नाही हे माहितीये का? बऱ्याच हॉस्टेलांचा नियम असतो, स्थानिक आयडी असेल तर चेक-इन नाही. मुंबईचे मित्र आले होते, सगळ्यांनी मिळून हणजूणला (अंजुनाला) बेड बुक केले, मीही केला म्हटलं रात्री उशिरा घरी कुठे जायचं, तर काउंटरवर आधार दाखवल्यावर पोरगा म्हणतो, सॉरी सर, लोकल आयडी. माझं आजोळ त्याच गावात आहे हो! कारण विचारलं तर म्हणे लोकल पोरं येऊन दारू पिऊन गोंधळ घालतात. आणि बाहेरून आलेली काय तीर्थ पितात? पैसे परत आले पण मागे लागून. हा नियम पेजवर अगदी तळाला लिहिलेला असतो आणि तो फक्त गोव्यात नाही, मुंबई-पुण्याच्या लोकांनी आपापल्या शहरातही करून बघावं.

आता आलोच आहे तर कामाचं सांगतो. ट्रेनने उत्तर गोव्याला यायचं तर मडगावला नाही, थिवीला उतरा. म्हापशाच्या स्टँडवरून हणजूण, वागातोर, कळंगुट सगळीकडे साध्या बस जातात, टॅक्सीला जेवढे द्याल तेवढ्यात आठवडाभर बसने फिराल, फक्त संध्याकाळनंतर बसच्या भरवशावर राहू नका. स्कूटर भाड्याने घेताना पाटी बघा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी शे-दोनशेने स्वस्त मिळते पण पोलिसांनी अडवलं की ते शे-दोनशे कुठल्या कुठे. आणि शुक्रवारी म्हापशाचा बाजार चुकवू नका. हॉस्टेलच्या कॅफेत दीडशेचा टोस्ट खाण्यापेक्षा गरम पोई (गोव्याचा पाव) आणि पातळभाजी खा.

* * *

वयस्कर माणसाचा अनुभव चालेल ना? कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती 26 जानेवारी 1998 ला, आम्ही त्याच्या आधीचे. रात्रभर एसटी, सकाळी पणजीला उतरलं की कंबर कुठे आणि पाय कुठे असं व्हायचं. तेव्हा आमच्याकडे यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचं कार्ड होतं, त्यांच्या गोव्याच्या ट्रेकला गेलो होतो. ताट, मग, डबा आपला आपण न्यायचा, आपला आपण धुवायचा. किनाऱ्याजवळ तंबू, एका तंबूत जेवढे मावतील तेवढे, आणि रात्रीचा कॅम्पफायर म्हणजे लाकडं नाहीतच, मधोमध एक बल्ब आणि त्याभोवती गाणी! झाडं तोडायची नाहीत म्हणून. पहिल्या दिवशी हसलो, नंतर त्या बल्बाभोवती तमिळ, बंगाली, गुजराती सगळी गाणी ऐकली. आता ज्याला व्हाइब व्हाइब म्हणता आणि त्याचे वेगळे पैसे लावता ते आम्हाला शिट्टी वाजली की मिळायचं, आणि दहाला दिवे बंद. हे कार्ड अजून निघतं बरं का, पोराबाळांना काढून द्या.

* * *

काका, दहाला दिवे बंद ऐकून डोळ्यात पाणी आलं. आमच्या डॉर्ममध्ये एक मुलगी पहाटे चारला बॅग भरत होती. प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये. एकेक पिशवी सावकाश उघडून.

* * *

गोकर्ण. एकटी गेले होते. "बीचपासून 5 मिनिटं" असं लिहिलेलं असतं ना ते उतरताना, चढताना वीस धरा. कुडले बीचला गाडी जात नाही, वर रस्त्यावर रिक्षा सोडते आणि मग पायऱ्या, आणि मी चाकांची बॅग घेऊन! एका मामांनी कन्नडमध्ये काहीतरी म्हणत ती डोक्यावर घेतली आणि खाली नेऊन ठेवली, पैसे द्यायला गेले तर घेईनात. सॅकच न्या. स्टेशनही गावापासून लांब आहे, तिथून पुढे रिक्षाच.

हॉस्टेल टेकडीवर, लेडीज डॉर्म, स्वच्छ होतं. तिथली एक गंमत म्हणजे एकाच ठिकाणी दोन गावं आहेत. खाली कुडले आणि ओमला योगा-पॅनकेकवाले, आणि दोन टेकड्या पलीकडे महाबळेश्वराचं देऊळ, आत्मलिंग, पिंडदान करायला आलेली माणसं, सोवळ्यातले भटजी. आमच्या डॉर्ममध्ये मिरजेची एक मुलगी होती, आईवडील देवळाजवळच्या भटजींच्या घरी उतरलेले आणि ही आमच्यात. रोज सकाळी आंघोळ करून पंजाबी ड्रेस घालून आईवडिलांबरोबर दर्शनाला, दुपारी इकडे शॉर्ट्समध्ये. दोन्हीकडे खुश. महाशिवरात्रीला रथ असतो तेव्हा जाणार असाल तर खूप आधी बुक करा, तेव्हा दोन्ही गावं फुल्ल.

* * *

ढेकूण! कोणीच कसं लिहिलं नाही? जागेचं नाव घेत नाही. गादीवर बसायच्या आधी चादर उचला, मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण आणि बंकच्या लाकडाच्या फटी बघा, काळे बारीक ठिपके दिसले तर तिथल्या तिथे बेड बदलून मागा. आणि सॅक बेडवर ठेवू नका, ते घरी येतात.

* * *

मी जरा दुसऱ्या बाजूने लिहितो. नोकरी सोडल्यावर वर्कल्याला, केरळमध्ये, एका हॉस्टेलात व्हॉलंटियर होतो. दिवसाला चार-पाच तास काम, बदल्यात बेड आणि नाश्ता. तुम्हाला काउंटरवर हसरा पोरगा दिसतो, त्याचा सगळा दिवस खरं तर मिठाशी आणि वाळूशी मारामारीत जातो. वारा खारा असतो, लॉकरच्या कड्या, बंकचे नटबोल्ट, एसीची बाहेरची जाळी, सगळ्याला गंज. नवं कुलूप एका पावसाळ्यात आखडतं, मग मी दर आठवड्याला खोबरेल तेलाची बाटली घेऊन कुलपांना तेल घालत फिरायचो. तुमच्या बंकचा कुईकुई आवाज येतो ना, तो नट ढिला झाल्याचा, रिसेप्शनवर पाना मागा, दोन मिनिटांचं काम आहे, रात्रभर खालच्याला शिव्या देऊ नका.

वाळू त्याहून वाईट. बाहेर नळ असतो, "पाय धुवा" ची पाटी असते, तरी लोक तसेच शॉवरखाली उभे राहतात आणि मग मोरी तुंबते. ती साफ कोण करतं? मी करायचो, हाताने, त्यात वाळू आणि सगळ्या देशांचे केस. आणि चादरी! केरळात पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरमध्ये परत येतो, चादरी वाळतच नाहीत, गच्चीवर दोऱ्या बांधून ढग आला की पळापळ. ओलसर चादरीला एक वास येतो, तो घाण नसतो हो, दमट असतो, पण रिव्ह्यूत "डर्टी शीट्स" येतं आणि मालकाचं तोंड उतरतं. पावसाळ्यात निम्मे बंक रिकामे, तरी भाडं, वीज, माणसं चालूच, वर बुकिंगवाल्यांचं कमिशन. म्हणून सांगतो, थेट फोन केलात तर बरेचदा कमी दरात देतात, निदान नाश्ता तरी फुकट.

बाकी वर्कला सुंदर. कड्याच्या काठाने चालायची वाट आहे, तिथे रात्री फोनमध्ये बघत चालू नका एवढंच, काही ठिकाणी कठडा नाही आणि कडा ढासळत असतो.

* * *

काही हॉस्टेलांना वयाची अट असते हे वाचलं होतं तसंच झालं. वय 57, आम्ही तिघी मैत्रिणी, दक्षिण गोव्यात पाळोळेला जायचं ठरलं, ऑनलाइन सगळं नीट झालं आणि मग मेसेज आला, 45 च्या वरच्यांना डॉर्म देत नाही. राग आला. म्हटलं बाबा, आम्ही काय तुमच्या गिटारवर पाय ठेवणार आहोत का? दुसरीकडे सरळ फोन केला, वय सांगितलं, गुडघे सांगितले, तो मुलगा म्हणाला, "काकू या, खालचे तीन बेड ठेवतो." आणि ठेवले. काणकोण स्टेशन जवळ आहे, रिक्षाने दहा मिनिटं. पाळोळेचा समुद्र शांत, अर्धगोल किनारा, आमच्यासारख्यांना पाण्यात बसायला उत्तम.

त्या पोरांच्यात आम्ही छान रमलो असं काही लिहिणार नाही. ती त्यांच्या नादात, आम्ही आमच्या. एकाने पत्ते मागितले, आम्ही दिले, परत करताना त्यात किलवरची दुर्री नव्हती. पण तिघींचं राहणं मिळून जेवढ्यात झालं तेवढ्यात हॉटेलची एक खोली एक रात्र आली नसती.

* * *

तारकर्ली-देवबागची घरगुती सोय हॉस्टेलात धरता का? धरा. आम्ही ऑफिसचे आठ जण, एका घराच्या माडीवर हॉल, आठ गाद्या, एक पंखा, संडास-बाथरूम खाली अंगणात, माणशी 400. कुडाळला उतरून एसटीने मालवण आणि पुढे रिक्षा. लॉकर नाही, वायफाय नाही, काकूंच्या घराला कडीसुद्धा धड नव्हती पण कोणाची सुई गेली नाही. जेवण वेगळं, आणि नियम एकच, सकाळी नऊच्या आत सांगायचं किती ताटं आणि कुठला मासा. आमच्यातल्या एकाने दुपारी एक वाजता "सुरमई मिळेल का" विचारलं तर काकू म्हणाल्या, "मासो ताजो नसलो तर मी वाढूचंय नाय," आणि त्याला अंड्याचं कालवण दिलं. बाकीच्यांना बांगडे, तिसऱ्या, सोलकढी, तो बघत बसला.

जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा मासे खायलाच म्हणून जाणाऱ्यांनी जाऊ नये. तेव्हा जे सुरमई देतात ते बर्फातलं देतात.

* * *

परदेशातलं चालत असेल तर ब्रायटन, इंग्लंड. लंडनहून ट्रेनने तासभर. समुद्र म्हणून धावत गेलो तर वाळू नाहीच, सगळे गोटे! चप्पल काढली की आई आठवते. शुक्रवार-शनिवारी हॉस्टेल घेऊ नका, लग्नाआधीच्या पार्ट्या करायला टोळ्या येतात, पंखवाल्या टोप्या घातलेल्या बायका पहाटे तीनला कॉरिडॉरमध्ये गात होत्या, आणि दर पण दुप्पट. सोमवारी तेच हॉस्टेल वाचनालयासारखं. तिथे मला सगळ्यात आवडलं ते स्वयंपाकघरातलं फुकटचं कपाट. जाणारी माणसं उरलेलं तिथे ठेवून जातात, अर्धा पास्ता, तेल, मीठ, चहाच्या पिशव्या. माझ्याकडे पोहे होते घरचे, त्या कपाटातल्या कांद्यावर आणि तेलावर पोहे केले, हळद नव्हती म्हणून पांढरेच, एका इटालियन पोराने दोनदा घेतले. जाताना उरलेले पोहे कपाटात ठेवून वर चिठ्ठी लावली, शिजवू नका, भिजवा.

* * *

म्हापशाचा परत आलो. पावसाळ्यात स्वस्त मिळतं म्हणून खूप जण येतात, या, डॉर्म अर्ध्या दरात मिळते, हिरवंगार असतं, पण शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खाण्याची ठिकाणं) काढलेले असतात आणि जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही. लाल बावटा म्हणजे घोट्यापर्यंतसुद्धा नाही. 'दृष्टी' या कंपनीचे किनाऱ्यावरचे जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालणारे बहुतेक वेळा आपलेच मराठी असतात, ऐकून लाज वाटते. आणि अंधार पडल्यावर कुठल्याच मोसमात नको, तेव्हा मनोऱ्यावर कोणी नसतं.

* * *

पाळोळेवाल्या काकू, आईला घेऊन जायचंय, 62 वय, डॉर्म झेपेल का? खालचा बेड नक्की देतात का, की तिथे गेल्यावर बघू म्हणतात?

* * *

झेपेल. फोनवर नुसतं हो म्हणाले तर त्यावर जाऊ नकोस, व्हॉट्सअॅपवर लिहून घे, "खालचा बेड, वय 62 चालेल" असं, आणि पोचल्यावर तोच मेसेज दाखव. कमोड आहे का आणि बाथरूम त्याच मजल्यावर आहे का तेही विचार, ते फोटोत कळत नाही. कुलूप घरून ने पण मोठं नको, लॉकरच्या कडीचं भोक बारीक असतं, आमचं गोदरेजचं जाडजूड कुलूप आत गेलंच नाही, बॅगेचं लहानवालं घे. आणि आईला गाऊनपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, रात्री बाथरूमला जाताना बाहेरच्या खोलीत मुलं बसलेली असतात, तिला अवघडल्यासारखं नको.