मज्जातंतू: तार नव्हे, फटाक्याची वात

कुणीतरी मज्जातंतूला घरातल्या विजेच्या तारेची उपमा दिलीय, तिथे मी जरा अडखळलो. तारेत इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने सरकतात. इथे सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आडवे, पेशीच्या पडद्यातून बाहेरून आत घुसतात. शांत असताना पेशी आतून बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. एका जागी हा फरक पुरेसा घटला की पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. नरकासुराच्या रात्री पेटवलेली वात आठवा. प्रत्येक तुकडा पुढच्याला पेटवतो, म्हणून संदेश वाटेत मंद पडत नाही. फक्त ही वात जळून संपत नाही. पोटॅशियम बाहेर पडलं की काही मिलिसेकंदांत पुन्हा तयार.

आणि हे कळलं कुणामुळे? माणक्यांमुळे! (घाटावरच्यांसाठी: माकूल, म्हणजे स्क्विड.) मडगावच्या बाजारातून आणलेली माणकी उभी चिरून उघडली की आतल्या भिंतीवर पंख्यासारखे पसरलेले पांढरे धागे दिसतात. आमच्याकडे ते सरळ मांजराला. माणकीच्या काही जातींत त्यातला एकेक तंतू अर्धा मिलिमीटर जाड असतो. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये अशाच तंतूत इलेक्ट्रोड (व्होल्टेज मोजायची बारीक सळी) सरकवून आतला व्होल्टेज मोजला. १९६३ चं नोबेल त्याच कामाच्या मालिकेला.

जाळ्यात केंड (फुगणारा विषारी मासा) आला तर तो मात्र फेकूनच द्या. त्याचं विष नेमकी हीच सोडियमची दारं बुजवतं.