मदत हवी आहे : डिस्क फेकताना हाताचा वेग आणि पकड कशी वाढवावी?

नमस्कार. मी रावेर तालुक्यातला असून वर्षभरापासून आम्ही काही मित्र सकाळी १७५ ग्रॅमच्या डिस्कने (फ्रिस्बीच्या चकतीने) अल्टिमेट हा सांघिक खेळ खेळतो. बॅकहँडने (हात शरीरासमोरून आडवा नेऊन फेकल्यावर) माझी डिस्क जेमतेम ४० पावले जाते आणि जोर लावला की हातातून सुटतानाच थरथरते. पुरेशी फिरकी मिळाली नाही की डिस्क हवेत स्थिर राहत नाही एवढे कळते, पण ती फिरकी मनगटामुळे कमी पडते, सैल पकडीमुळे की कंबर उशिरा वळल्यामुळे, हे उमगत नाही.

पकडीसाठी दोन महिने ओला टॉवेल पिळला, वाळूच्या बादल्या उचलून चाललो. बादली आता सहज पेलते, डिस्क मात्र तिथेच पडते. (केळीचे घड वाहणाऱ्या माझ्या चुलतभावाची पकड माझ्या दुप्पट आहे, तरी त्याची डिस्क माझ्याही अलीकडे पडते, म्हणजे प्रश्न नुसत्या ताकदीचा नसावा.) एप्रिलपासून घामाने कड निसटते, ती वेगळीच अडचण.

रबर बँड, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) की नुसता फेकीचा सराव, यांपैकी कशाने आपल्या हाताचा वेग वाढला आणि आठवड्यातून किती दिवस तो व्यायाम करावा? कोपराच्या बाहेरच्या बाजूला हल्ली ठणका लागतो, तेव्हा आधी विश्रांती घ्यावी का, हेही अनुभवी खेळाडूंनी कृपया सांगावे.