बाबांचं लायसन्स गेलं, पण त्यांना ‘सगळं दिसतंय’. मदत हवी आहे

बाबा ७३ वर्षांचे. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासले आणि नकार आला. तक्त्यावरची बारीक अक्षरं ते आजही धडाधड वाचतात. अडलं ते दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत. वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघत राहायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. डावीकडचे बरेच ठिपके त्यांना कळलेच नाहीत. निदान: दोन्ही डोळ्यांत काचबिंदू.

बाबा म्हणतात, “मला कुठेच काळं दिसत नाही, मग गेलंय काय?” यंत्रच बिघडलंय म्हणे. चाळीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. (दोन आहेत. डाव्या दारावर, दोन्ही याच वर्षातले. मी गप्प बसले.)

फेरतपासणीचा उपयोग होईल का? मोतीबिंदूही थोडा आहे, तो काढला तर? आणि चावी अजून त्यांच्याच खिशात आहे, तिचं काय करू?

प्रतिसाद १
मलाही काचबिंदू आहे, गाडी सोडून चार वर्षं झाली. फेरतपासणी जरूर करा. पहिल्या खेपेला नजर हलते, दमायला होतं, निकाल वाईट येऊ शकतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकत्र तपासणी झाली होती का, तेही विचारा. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि बऱ्याच देशांत लायसन्ससाठी लागणारं आडवं १२० अंशांचं क्षेत्र दोन्ही डोळ्यांचं मिळून मोजतात.

मोतीबिंदू काढला की धूसरपणा जाईल, पण काचबिंदूनं मेलेली डोळ्याची नस परत येत नाही. थेंब असतात ते उरलेलं टिकवायला, तेव्हा ते चुकवू देऊ नका.

काळं दिसत नाही हे बाबा खरंच सांगताहेत. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या चित्रानं भरतो. रस्ता दिसतो, त्यावरचा सायकलवाला दिसत नाही. मी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं. बायकोनं समोर बघायला लावून बाजूनं हळूहळू बोट पुढे आणलं, तेव्हा गप्प झालो. चावी हिसकावू नका, आधी हे करून बघा. तोवर मात्र कुठे जायचं असेल तर तुम्हीच चालवा.

धागाकर्ती
आत्ताच केलं. बोट नाकासमोर येईपर्यंत “अजून नाही” म्हणत होते. मग स्वतःच दोनदा पुन्हा करायला लावलं. चावी अजून खिशातच आहे.

प्रतिसाद १
राहू द्या आज. आणि तुमचे डोळे कधी तपासलेत? काचबिंदू घराण्यात चालत येतो.

धागाकर्ती
चष्म्याचा नंबर सोडून कधीच नाही. दोघांची वेळ एकदमच घेते.