होय, मी स्टूलस्वार आहे

खोगीरभरती :
काल इथे कुणीतरी टाकलं : "घोड्यावर चढायला ज्यांना स्टूल लागतं ते स्वार नव्हेत, स्टूलस्वार! मावळे काय स्टूल पाठीला बांधून फिरत होते?" खाली हसून लोळणाऱ्यांची रांग. झोप लागेना म्हणून हे लिहितेय.

माझी उंची ५ फूट २ इंच. मी जिच्यावर बसते ती रेसमधून निवृत्त झालेली घोडी, १६ हँड (एक हँड चार इंचांचा). म्हणजे तिची मान जिथे पाठीला मिळते तो उंचवटाच माझ्या टाळूच्या वर दोन इंच. जमिनीवरून चढायचं तर डावा पाय छातीपर्यंत उचलून रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) घालायचा, एका पायावर उड्या मारायच्या आणि मग खोगिराला लटकायचं. सगळं वजन डावीकडे. खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि त्याच्या सांगाड्याची उजवी बाजू त्या उंचवट्यात रुतते. बिचारी चारही पाय फाकवून तोल सावरते, आणि आपण म्हणतो, "घोडी उभी राहत नाही नीट."

पटत नसेल तर उजवीकडे उभं राहून खोगिराच्या पुढच्या कडेखाली चार बोटं घाला आणि मित्राला डावीकडून जमिनीवरून चढू द्या. मी केलंय. अंगठी काढायला विसरले होते, संध्याकाळी ती साबण लावून काढावी लागली. २००८ साली संशोधकांनी खोगिराखाली दाब मोजणारी चटई घालून हेच तपासलं. सर्वांत जास्त दाब त्या उंचवट्याच्या उजव्या अंगाला, आणि उंचावरून चढलं की एकूण जोर कमी. पण चटईपेक्षा माझं बोट जास्त खरं बोलतं.

भीमथडीचा_टाप :
कालचं ते टाकणारा मीच. ताई, तुमची घोडी म्हणजे उंटीण, त्यात मावळ्यांचा काय दोष? आमची भीमथडी तट्टं बुटकी, काटक. त्यांच्यावर माणूस चालता चालता बसायचा. विलायती रक्ताची हौस करायची आणि मग स्टूल शोधायचं!

खोगीरभरती :
म्हणजे घोडा बुटका होता म्हणून स्टूल लागत नव्हतं. दादा, हे माझंच म्हणणं झालं की.

भीमथडीचा_टाप :
शब्द फिरवू नका.

रिसालदाराचा_नातू :
आमचे आजोबा साठीतही रिकिबीला पाय न लावता बसायचे. दोन्ही हात खोगिरावर, एक उडी, पोटावर आडवे, पाय पलीकडे. हे लटकणं-बिटकणं नाहीच. मुद्दा असा की रानात पडलात तर स्टूल कोण आणून देणार? ज्याला जमिनीवरून चढता येत नाही त्याने तबेल्याबाहेर जाऊच नये.

खोगीरभरती :
घ्या, एवढं मान्य. यायला हवं. मीही महिन्यातून एकदा सराव करते. रोज नाही. आणि रानात बांध असतो, दगड असतो, काहीच नसेल तर घोडा उताराच्या खालच्या अंगाला उभा करा आणि वरच्या अंगाने चढा. सहा इंच फुकटात मिळतात.

जुनीपानं :
मावळ्यांचं सोडा. जुना ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की रोमन पुढारी गायस ग्रॅकसने रोमन रस्त्यांच्या कडेला ठरावीक अंतरावर दगड बसवले होते, स्वाराला कुणाच्या मदतीशिवाय चढता यावं म्हणून. तेव्हा रिकीबच नव्हती. रोमनही स्टूलस्वार!

भीमथडीचा_टाप :
आलं रोम. आता शेक्सपिअर आणा.

तापीकाठ :
तुम्ही चढायच्या पद्धतीवर भांडताय, मी रडतोय उंचीवर. सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक दात बघत नाही, खूर बघत नाही, आधी विचारतं "हाईट किती?" कारण वरातीत फोटो उंच दिसतो. मग पंचाण्णव किलोचा नवरदेव, शेरवानीत पाय उचलत नाही, दोन मेहुणे खालून ढकलतात, करवल्या ओरडतात आणि डीजे चालूच. माझ्या एका घोडीचं खोगीर अशात पोटाखाली फिरलं. नवरदेव हारासकट चिखलात. दोष कुणाचा? घोडीचा! पैसे कापले.

खोगीरभरती :
तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, ढिला होता का? तंग आवळताना ती पोट फुगवतात. दोन मिनिटं फिरवून परत एक भोक आवळायला लागतं.

तापीकाठ :
ताई, बाप माझा घोडेवाला, आजा घोडेवाला. तंग मला शिकवू नका. वजन बोला.

खोगीरभरती :
बोलते. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढंच ओझं, तेही खोगिरासकट. अमेरिकेत ओहायोत आठ घोड्यांवर वजन वाढवत नेऊन पाहिलं, पाव हिश्शाच्या पुढे स्नायू दुखायला लागले.

दस्तुरीवाला :
आता मी बोलतो, माथेरानचा. तुमच्या हिशेबाने ३०० किलोचं घोडं धरलं तर ६० किलो, त्यातून खोगीर वजा. शनिवारी दस्तुरीला, जिथे गाड्या थांबतात तिथे, उतरणाऱ्यांतला ६० किलोचा माणूस मला दाखवा. नाही म्हटलं तर तो शेजारच्या घोड्यावर बसतो. ई-रिक्षा आल्यापासून मी कुणाला नाही म्हणण्याच्या स्थितीत आहे असं वाटतं का तुम्हाला?

रिसालदाराचा_नातू :
म्हणून घोड्याची पाठ मोडायची?

दस्तुरीवाला :
मोडायची नाही म्हणूनच तर सांगतो, भडकू नका. गिऱ्हाईक डावीकडून चढतं तेव्हा मी उजवीकडची रिकीब दोन्ही हातांनी खाली दाबून धरतो. खोगीर सरकत नाही. कठडा दिसला की घोडं कठड्याला लावतो. याला आम्ही काही नाव दिलेलं नाही, स्टूलस्वारबिलस्वार. पावसाळ्यात मात्र कठडाही निसरडा, तेव्हा देवाचं नाव.

जुनीपानं :
डावीकडूनच का, हाही प्रश्न आहे. तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून. आता तलवार नाही, तरी डावी रिकीब ताणून ताणून लांब होते.

खोगीरभरती :
बरोबर. रिकिबींचे पट्टे मी अधूनमधून अदलाबदल करते. आमचे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) हसतात. उजवीकडूनही चढायला शिकवा म्हटलं तर म्हणाले, "घोडीला सवय नाही." घोडीला की तुम्हाला? आठवडाभर तिला उजवीकडे ओट्याशी नुसतं उभं केलं, गूळ दिला. आठव्या दिवशी चढले. डोळासुद्धा फिरवला नाही तिने.

भीमथडीचा_टाप :
लाडावलेली घोडी.

खोगीरभरती :
हो. आणि सहा वर्षांत पाठ कधी दुखली नाही तिची. तुमच्या घोड्याचं काय?

भीमथडीचा_टाप :
खोगीर ठेवताना कान मागे टाकतो हल्ली. वय झालंय त्याचं.

रिसालदाराचा_नातू :
वय किती?

भीमथडीचा_टाप :
नऊ.

तापीकाठ :
नऊ म्हणजे ऐन जवानी, भाऊ. आधी खोगीर बघा, मग पाठीवरून बोटं दाबत न्या. पाठ खाली खचवतो का ते सांगा.

भीमथडीचा_टाप :
उजवीकडे दाबलं की खचवतो. डावीकडे नाही. ताईंनी लगेच नाचू नये.

खोगीरभरती :
नाचत नाहीये. त्याला थोडे दिवस खोगिराशिवाय ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा, खरंच.

भीमथडीचा_टाप :
बघतो. आणि ते स्टूल किती उंचीचं घेता? मुलीसाठी विचारतोय.

खोगीरभरती :
मुलीसाठी, बरं. माझं २० इंचांचं आहे, लाकडी, पायरीसारखं भरीव. प्लास्टिकचं घेऊ नका, वाऱ्याने हललं की घोडा बिथरतो. चार पायांचं तर अजिबात नको. आमच्या तबेल्यातल्या एका शिंगराचा पाय मधल्या पट्टीत अडकला होता, सोडवायला तीन माणसं लागली.