प्रतिसाद: ब्लाइड दरीचा दिवस आणि क्रूगर

दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गहून निघणाऱ्या तीन-चार दिवसांच्या सहलीत ब्लाइड नदीच्या दरीवर खर्च होणारा दिवस वाया जातो, तो सरळ क्रूगर या वन्यप्राण्यांच्या राष्ट्रीय उद्यानाला द्यावा, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. ते मला अर्धेच पटते. दिवस वाया जातो तो दरीमुळे नव्हे, तर बहुतेक सहलींत दरी पाहून पुन्हा मागे दरीच्या दक्षिणेकडील ग्रास्कोप गावी मुक्कामी आणतात म्हणून. त्याऐवजी गॉड्स विंडो हे दृश्यस्थळ, बर्क्स लक येथील रांजणखळगे आणि थ्री रॉन्डाव्हेल्स हे गोल झोपड्यांसारखे तीन सुळके या क्रमाने उत्तरेकडे जात, घाटमाथ्यावरून कोकणात उतरावे तसे एबल इरॅस्मस घाटाने खालच्या सपाटीवर उतरून हूडस्प्रूट गावी मुक्काम केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑर्पन दरवाजातून क्रूगरमध्ये शिरता येते आणि तिथून सातारा या मुक्कामाच्या तळाकडे जाणारा (हे नाव तिथलेच आहे!) गवताळ, सिंहांसाठी प्रसिद्ध असलेला पट्टा लगेच सुरू होतो.

चर्चेत न आलेली आणखी एक बाब अशी, की क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मार्गदर्शकाची गाडी असली तरी ती रस्ता सोडून जाऊ शकत नाही. टिंबावाटीसारख्या लगतच्या खासगी राखीव क्षेत्रांत मात्र ते चालते, आणि क्रूगरशी त्यांच्यामध्ये कुंपण नसल्याने प्राणी तेच असतात. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ निवडल्यास प्राणी पाणवठ्यांवर येतात आणि कड्यावरचे धुकेही कमी असते, परंतु उघड्या गाडीत पहाटेची थंडी चांगलीच बोचते.