दुधातले विष आणि गोठ्याला बोल

गोठेकरी:
पिशवीतल्या दुधात शेतकऱ्याच्या हावेपायी प्रतिजैविके (अँटिबायोटिक औषधे) उतरतात, म्हणून ओळखीच्या गोठ्यातले कच्चे दूध प्यावे, असा सल्ला देणारी पोस्ट काल वाचली आणि ती फार लागली. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी प्रतिजैविकांची मर्यादा ७७ नमुन्यांनी ओलांडली होती, तर अफ्लाटॉक्सिन एम-१ या बुरशीजन्य विषाची ३६८ नमुन्यांनी. हे विष बुरशी आलेली पेंड किंवा मका खाल्लेल्या जनावराच्या दुधात उतरते आणि उकळून जात नाही. मग कच्चे दूध पिऊन काय टळणार?

ग्राहकपक्ष:
७७ हा आकडा आपल्याला क्षुल्लक वाटतो, याचेच दुःख आहे. दगडी (कासेचा दाह) झालेल्या गाईच्या सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडल्यावर त्याच संध्याकाळचे दूध संकलन केंद्रावर गेलेले मी माझ्या मामांच्या गोठ्यात पाहिले आहे. किती दिवसांचे दूध वापरू नये, हे औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते.

गोठेकरी:
पाहिले असेल, नाकारत नाही. पण ते दूध ओतून द्यायचे तर त्याचे पैसे कोण देणार? आमच्या केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतात आणि एक पॉइंट कमी भरला तरी दर कापतात. औषधाचा अंश मात्र कोणी तपासत नाही. प्रामाणिकपणे दूध ओतणारा आणि न ओतणारा या दोघांना एकच दर मिळत असेल, तर दोष एकट्या शेतकऱ्याचा कसा?

ग्राहकपक्ष:
दर मिळत नाही म्हणून माझ्या लेकराने औषध प्यायचे का? प्रत्येक चर्चा दरावर नेऊन थांबवण्याची ही सवय आता असह्य झाली आहे.

पशुवैद्यक:
दोघेही कच्च्या दुधाचा मुद्दा विसरलात. सातव्या महिन्यात गाभडलेल्या (गर्भपात झालेल्या) गाईचा अडकलेला वार, म्हणजे झार, मी उघड्या हातांनी काढला आणि पुढे कित्येक आठवडे संध्याकाळी ताप, घाम आणि सांधेदुखी सोसली. विषमज्वर समजून उपचार झाले, ब्रुसेलोसिस या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगाचे निदान फार उशिरा झाले आणि त्यानंतर सहा आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. हाच जंतू कच्च्या दुधातून घरातल्या मुलांपर्यंत जातो. दूध नीट उकळले तर तो मरतो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच टोचायची लस आहे, तरी ‘वासराला ताप येतो’ म्हणून लोक दार लावून घेतात.

ग्राहकपक्ष:
कच्च्या दुधाबाबत मी हरलो असे समजा. उद्यापासून घरी उकळूनच घेऊ. औषधाबाबत मात्र माझे मत तसूभरही बदललेले नाही.

गोठेकरी:
बदलू नका, केंद्रावर तपासणी व्हावी ही आपली मागणी मलाही मान्य आहे, फक्त तिच्यात पेंडही धरा. गेल्या पावसाळ्यात माझी सरकी पेंडीची पोती जमिनीवरच राहिली, कुबट वास आला, तरी पैसे गेले या विचाराने मी ती आठवडाभर घातली. तशी पेंड घालणे थांबवल्यावर तीन-चार दिवसांत दुधातले अफ्लाटॉक्सिन बरेचसे कमी होते, हे मला कोणीच सांगितले नव्हते. आता पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो आणि वास आलेली पेंड खड्ड्यात पुरतो.