वाळवंटातला निमविषारी साप कोकणात पाळावा का?

रानवाट_रत्नागिरी: मोइला आणि हॉगनोज हे साप परदेशात लोक हौसेने पाळतात. मोइला उत्तर आफ्रिका-अरबस्तानच्या वाळवंटातला, हॉगनोज उत्तर अमेरिकेच्या कोरड्या माळावरचा. दोघांचेही विषदंत जबड्यात मागे, म्हणून निमविषारी. नाग-घोणशीसारखा झटक्यात डंख नाही, धरून चावत राहिला तरच विष नीट उतरतं. कुलपाची काचपेटी, लांब आकडी, खाणं फक्त चिमट्याने आणि चावलाच तर लगेच सोडवून घ्यायचा, एवढी शिस्त ज्याच्याकडे आहे त्याला पाळू द्यावा असं माझं मत. (रानातला देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, तो विषय नाही. बाहेरच्यालाही कागद पक्के हवेत.)

खाडीपलीकडे: शिस्त तुमची, पण हवा कोणाची? जुलैत आमच्याकडे भाजलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो. या सापाला कोरडी वाळू लागते, पेटीच्या एका टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब, दुसरं टोक गार. ओल राहिली की पोटाचे खवले सडतात, फुप्फुसाला संसर्ग होतो.

रानवाट_रत्नागिरी: हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर आहे, इन्व्हर्टर आहे.

खाडीपलीकडे: २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात किती दिवस वीज नव्हती, आठवतंय? इन्व्हर्टर चार्ज कशावर करणार होतात?

डॉक्टरीणबाई: आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी. मोइलावर त्याचा उपयोग नाही. मला जास्त धास्ती उलट गोष्टीची आहे. घाबरलेले घरचे ‘नाग चावला’ म्हणत रात्री दवाखान्यात आणणार, आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जाणार. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं, काहींना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. आणि ‘निमविषारी’ म्हणजे नुसतं खाजणं नव्हे. हॉगनोजच्या चाव्याने हात सुजून फोड येतात, प्लेटलेट कमी झाल्याचीही नोंद आहे. शिकागोचे सर्पतज्ज्ञ कार्ल श्मिट १९५७ साली मागच्या दातांच्याच सापाने गेले.

रानवाट_रत्नागिरी: तो बूमस्लँग होता, ताई. आफ्रिकेतला झाडावरचा, फार जहाल. त्याच्या पंक्तीला हॉगनोजला बसवू नका.

डॉक्टरीणबाई: मान्य. पण त्यांनाही तो चावा किरकोळच वाटला होता.

गडग्यावयलो: मोइला रागावलो काय मान पसरून नागासारखो फणो काढता म्हणतत. पेटीतसून सुटलो तर? आमच्या आवाठात फणो दिसलो की शेजारी पासपोर्ट बघूक थांबाचो नाय, दांडो घेवन येतलो. आणि त्याच भीतीन दुसऱ्या दिवशी गडग्यातली धामणय मारतले.

सह्यपायथा: हा मुद्दा सगळ्यात खरा. तरी एक सांगतो, मांजऱ्या आणि हरणटोळही निमविषारीच, आपल्याच वाडीत फिरतात, आणि त्यांच्यामुळे कोणाची झोप उडालेली नाही. गळ्यात नाग घालून रील करणारे ‘सर्पमित्र’ मला या पेटीवाल्यापेक्षा जास्त घातक वाटतात. त्यांच्यावर धागा का निघत नाही?

रानवाट_रत्नागिरी: धन्यवाद! मग निदान घाटावर, सोलापूरच्या कोरड्या हवेत तरी पाळायला हरकत नाही ना?

खाडीपलीकडे: ते सोलापूरकरांना विचारा. धागा तुम्ही कोकणाचा काढलाय.